शेक, डाग आणि ऊब

वऱ्हाडात लेकरू जन्मलं की त्याच्यामागोमाग खोलीत विस्तव येतो. बाळंतिणीच्या बाजेखाली गोवऱ्यांच्या निखाऱ्यांची शेगडी सरकवतात. निखाऱ्यांवर चिमूटभर ओवा, बाळंतशोपा, वावडिंग, लसणाची सालं टाकतात. न्हाऊ-माखू घातलेल्या बाळाला त्या उबेत आधी पालथं धरतात, मग उताणं. पोट दुखतंय असं वाटलं तर एरंडाच्या पानाला तेल लावून ते तव्यावर कोमट करायचं आणि बेंबीवर ठेवायचं. हिंग पाण्यात उगाळून बेंबीभोवती फिरवायचा. सर्दीनं छाती घुरघुरली तर ओव्याची पुरचुंडी शेकून छातीला लावायची. यातलं काहीच बाळाच्या पोटात जात नाही. अकोटपासून मोर्शीपर्यंत थोड्याफार फरकानं घरोघरी हे चालत आलंय आणि चालवणारी बाई बहुतेक घरांत एकच असते, आजी.

बाटलीतलं औषध फार नंतर आलं. नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डनं १८५१ मध्ये ग्राइप वॉटर तयार केलं, आणि त्यातही शेपूच्या बियांचा अर्क होता. शेपूच्या बिया म्हणजेच आपल्या बाळंतशोपा. म्हणजे आजी जी वस्तू निखाऱ्यावर टाकत होती, तीच विलायतेहून बाटलीतून परत आली. जुन्या काळी त्या बाटलीत मद्यार्कही असे, हे तेव्हाच्या किती आयांना ठाऊक होतं कोण जाणे. पण वास वेगवेगळे असले, पानं-बिया वेगवेगळ्या असल्या, तरी आजीच्या या सगळ्या उपायांत खरं काम करणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे उष्णता. तिचाच हा मागोवा घ्यायचाय. कारण याच उष्णतेची एक वाट वऱ्हाडात फार भीषण ठिकाणी गेली आणि दुसरी वाट आज जगभरातल्या नवजात शिशू कक्षांत पोचली आहे.

परतवाड्याच्या पुढे घाट चढला की मेळघाट लागतो. धारणी आणि चिखलदरा हे अमरावती जिल्ह्यातले दोन तालुके. सातपुड्याची गाविलगड रांग, साग-बांबूचं जंगल आणि कोरकू आदिवासींची गावं. इथं तान्ह्या बाळाचं पोट फुगलं, ते दूध ओढेना, कण्हायला लागलं, की डंबा देतात. विळ्याचं टोक नाहीतर लोखंडी सळई चुलीत लाल होईपर्यंत तापवतात आणि बाळाच्या पोटावर बेंबीभोवती टेकवतात. एकदाच टेकवून थांबत नाहीत. शेजारी शेजारी, ओळीनं चटके देत जातात. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या सिमोरी गावच्या २२ दिवसांच्या बाळाच्या पोटावर असे ६५ चटके दिल्याची बातमी आली आणि महाराष्ट्र हादरला. त्या आधी आणि नंतरही अशा बातम्या आल्या आहेत. हे फक्त आपल्याकडेच घडतं असंही नाही. मध्य प्रदेशातल्या शहडोल जिल्ह्यात फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यूमोनिया झालेल्या चिमुकलीला ५१ चटके दिले गेले आणि ती दगावली. ओडिशाच्या नबरंगपूरमधून, राजस्थानातल्या भिलवाड्याकडून अशाच बातम्या येतात. मध्य भारताच्या एका मोठ्या पट्ट्यात बाळाच्या पोटावर आणि छातीवर लोखंड टेकवलं जातं.

मेळघाटात काम करणारे डॉक्टर एक गोष्ट हमखास सांगतात. चटके दिलेलं बाळ घेऊन जो आजोबा येतो, त्याचा सदरा वर केला तर त्याच्याही बेंबीभोवती तसेच व्रण असतात. मुरलेले, कातडीपेक्षा फिकट, ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे गोल. साठ वर्षांपूर्वी त्याच्या आईनं किंवा आजीनं दिलेले. तो जगला, वाढला, त्यानं जंगल तुडवलं, शेती केली. त्याच्या दृष्टीनं पुरावा त्याच्या स्वतःच्या पोटावर आहे. ज्यांना चटके सोसले नाहीत, ती बाळं आपलं पोट दाखवायला आता नाहीत. डंब्यावरच्या विश्वासाचं मूळ मला इथं दिसतं, म्हणून त्याला नुसतं अडाणीपण म्हणून सोडून देता येत नाही.

हा डाग आला कुठून? डाग देण्याची विद्या जुनी आहे आणि ती काही जंगलातल्या लोकांची नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात बाराव्या अध्यायात अग्निकर्म आहे. पिंपळी, शेळीची लेंडी, गाईचा दात, बाण, धातूची शलाका, तापवलेला मध, गूळ, स्नेह अशी साधनं तिथं दिली आहेत. कुठल्या ऋतूत डाग द्यावा, कातडीवर कुठल्या खुणा दिसल्या की थांबावं, हेही सांगितलंय. ग्रीसमध्ये हिप्पोक्रॅटिसच्या नावावरच्या सूत्रांत शस्त्रानं न बऱ्या होणाऱ्या रोगाला अग्नी हा शेवटचा उपाय मानलाय. इसवी सन १००० च्या सुमारास कॉर्डोबाच्या अल-जहरावीनं शल्यचिकित्सेचा जो ग्रंथ लिहिला, त्याची सुरुवातच डाग देण्याच्या पद्धतींनी होते. रक्त थांबवायला, सडलेला भाग जाळायला, दुखणाऱ्या सांध्यावर. निर्जंतुक करायचं दुसरं साधन नव्हतं तेव्हा अग्नीनं माणसं वाचवलीही असतील.

पण सुश्रुतानं त्याच अध्यायात ज्यांना अग्निकर्म करू नये त्यांची यादी दिली आहे. पित्तप्रकृतीचा, आत रक्तस्राव झालेला, कोठा फुटलेला, दुर्बल, भित्रा, वृद्ध, आणि या यादीत स्पष्ट शब्दांत बालकही आहे. अग्नीची विद्या ज्यानं लिहून ठेवली, त्यानंच ती मुलांवर वापरायला मनाई केली. डंब्याला पूर्वजांची परंपरा म्हणणाऱ्यांना ही ओळ दाखवायला हवी. परंपराच म्हणायची तर ती डागाच्या विरुद्ध साक्ष देते.

डागाच्या उलट टोकाला काश्यपसंहिता आहे. हा बाळांच्या आणि बाळंतिणींच्या आजारांवरचा जुना ग्रंथ शतकानुशतकं हरवल्यासारखा होता. नेपाळच्या हेमराज शर्मांकडे त्याची खंडित पोथी सापडली आणि १९३८ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून तो छापून आला. त्यात शेकाचे आठ प्रकार दिले आहेत, आणि त्यातला एक आहे हस्तस्वेद. धूर नसलेल्या विस्तवावर तळहात गरम करायचा आणि तो हळूच बाळाच्या अंगाला लावायचा. वैद्याचं साधन काय, तर स्वतःचा हात. आपला हात जेवढी आच सोसेल, तेवढीच आच बाळापर्यंत जाणार.

वऱ्हाडातल्या कुठल्याही जुन्या घरात हे आजही बघायला मिळेल. आजी शेगडीपाशी पाय पसरून बसते. बाळ तिच्या नडग्यांवर. ती दोन्ही तळवे निखाऱ्यावर धरते, एकमेकांवर चोळते, मग एक तळवा स्वतःच्या गालाला लावते. गालाला पटलं तरच तो बाळाच्या पोटावर ठेवते, दाबत नाही, नुसता ठेवते. बाळाचे पाय गुडघ्यात दुमडून पोटाकडे नेते आणि सोडते. वारा सरतो, बाळ शांत होतं. या बाईनं काश्यपसंहितेचं नावही ऐकलेलं नसतं. ग्रंथ हरवला तरी हात हरवले नाहीत. ‘शेक’ आणि ‘डाग’ या दोन वाटा आपल्याकडे आधीपासूनच वेगळ्या होत्या. आच एकच; एकीत मध्ये माणसाचा हात होता, दुसरीत लोखंड आलं.

लोखंड बाळापर्यंत कसं पोचलं याचा लेखी पुरावा मागितला तर देता येणार नाही, पण माझा तर्क गोठ्याकडे जातो. बैलाचा खांदा आला, पाय लंगडला, गाईचं पोट फुगलं, तर जनावराला डागायची रीत वऱ्हाडात सगळीकडे होती. मेळघाटात कोरकूंच्या शेजारी गवळी राहतात, गुरं हे दोघांचंही धन. जनावर बोलत नाही, तान्हं बाळही बोलत नाही. दोघांचं दुखणं फुगलेल्या पोटावरूनच ओळखायचं. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू झाला असेल, तर त्यात नवल नाही. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर जे मोठं काम छापलं, त्यात कोरकूंच्या प्रकरणात भुमका आणि परिहार या दोघांचं वर्णन येतं. गावाचं देवकार्य, रोगाचं निदान, संकटाचं कारण शोधणं ही त्यांची कामं. म्हणजे दवाखाना येण्याच्या कितीतरी आधीपासून गावात एक माणूस होता, ज्याच्याकडे मध्यरात्री जाता येत होतं.

मग तरीही डंबा ‘लागू पडतो’ असं का दिसतं? याचं उत्तर बाळाच्या शरीरातच आहे. तान्हं बाळ मुळात पोटानं श्वास घेतं, त्यामुळे त्याचं पोट सतत हलताना दिसतं. दुधाबरोबर हवा जाते, पोट फुगतं. अमेरिकी डॉक्टर मॉरिस वेसल यांनी १९५४ मध्ये रडक्या बाळांचं निरीक्षण करून एक ठोकताळा मांडला. दिवसात तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीन दिवसांहून जास्त आणि तीन आठवड्यांहून जास्त काळ रडणारं, एरवी धडधाकट बाळ. असं रडणं सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात वाढतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप थांबतं. ते थांबण्याआधी ज्यानं शेवटचा उपाय केला, त्याला श्रेय मिळतं. हिंग लावला असेल तर हिंगाला, बाटली दिली असेल तर बाटलीला, चटके दिले असतील तर चटक्यांना. रडून थकलेलं, वेदनेनं सुन्न झालेलं बाळ गप्प पडतं, आणि घरातल्यांना वाटतं आराम पडला.

जिथं आजार खरा असतो तिथं मात्र हा गैरसमज जीव घेतो. न्यूमोनिया झालेल्या बाळाच्या बरगड्यांखालची जागा श्वासागणिक आत ओढली जाते आणि पोट भात्यागत वरखाली होतं. घरच्यांना दिसतं ते पोट. जंतुसंसर्ग रक्तात पसरलेल्या बाळाची आतडी मंदावतात, पोट ताठ होतं, अंग गार पडतं, ते दूध ओढत नाही. अशा बाळाच्या पोटाची कातडी भाजली की संसर्गाला नवी दारं मिळतात, भाजलेल्या कातडीतून शरीरातलं पाणी आणि ऊब आणखी वेगानं निघून जाते, आणि वेदनेनं ते स्तनाला तोंडच लावत नाही. शिवाय चटके देऊन वाट पाहण्यात एक-दोन दिवस जातात, आणि एवढ्या लहान जिवाला तेवढे दिवस नसतात.

हे सगळं मेळघाटावर ढकलून मैदानी वऱ्हाडानं हात झटकू नयेत, असं मला फार वाटतं. बातमी मेळघाटाची होते, कारण लोखंड लाल असतं आणि फोटो भयंकर येतो. पण काविळीसाठी मनगटावर किंवा दंडावर डाग देणारी माणसं आजही सपाटीवरच्या गावांत आहेत आणि त्यांच्याकडे शिकलेले लोकही जातात. बाळाच्या पोटावर बिब्ब्याच्या फुल्या काढणं हे तर कितीतरी घरांत घडलंय. धोबी कापडावर खूण करायचे तो हाच बिब्बा. त्याच्या तेलानं कातडीवर फोड उठतात आणि काळा डाग राहतो. बिबे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायांचे हात एकदा बघावेत, मग ते तेल तान्ह्या पोटावर काय करत असेल ते कळतं. विस्तवाशिवाय दिलेला डंबाच आहे तो.

काविळीची गोष्ट तर डोळे उघडणारी आहे. जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुष्कळ बाळं पिवळी दिसतात, आणि त्यातली बहुतेक आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप निवळतात. इथंही श्रेय डागाला जातं. पण १९५६ मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्सच्या रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड बाळांना उन्हात फिरवायच्या. एका पिवळ्या बाळाच्या अंगावर उघडा राहिलेला भाग निवळला होता आणि दुपट्याखाली झाकलेला भाग तसाच पिवळा होता, हे त्यांनी डॉक्टरांना दाखवलं. त्या निरीक्षणातून क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिव्याची चौकट बनवली आणि १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तिची माहिती छापली. आज अमरावतीच्या डफरीन किंवा अकोल्याच्या लेडी हार्डिंग रुग्णालयात निळ्या प्रकाशाखाली डोळ्यांवर पट्टी बांधून निजवलेली बाळं याच वाटेनं तिथं आली. गोळी नाही, सुई नाही, नुसता उजेड. मात्र पहिल्याच दिवशी पिवळं पडलेलं किंवा तळपायापर्यंत पिवळं झालेलं बाळ घरच्या उन्हाच्या भरवशावर ठेवायचं नसतं, ते दवाखान्यातच न्यायचं.

उष्णतेच्या दुसऱ्या वाटेचा प्रवासही असाच पायरीपायरीनं झाला. पॅरिसच्या प्रसूतितज्ज्ञ तार्निए यांनी प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवायची पेटी पाहिली आणि १८८० मध्ये तशीच पेटी अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी बनवून घेतली. खाली गरम पाणी, वर बाळ. दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांमधला मृत्यू ६६ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आला, अशी तेव्हाची नोंद आहे. त्यांचे शिष्य पिएर बुदँ यांनी गारठलेली बाळं किती वेगानं दगावतात ते आकड्यांत मांडलं आणि आईला बाळापासून तोडू नका असाही आग्रह धरला. पुढं दवाखान्यांनी पेटी उचलली आणि आईला काचेबाहेर उभं केलं. १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या विल्यम सिल्व्हरमन यांनी दाखवलं की पेटीतलं तापमान काही अंशांनीच वाढवलं तरी जास्त बाळं जगतात. औषध तेच, अन्न तेच, फरक फक्त उबेचा.

आणि मग १९७८. कोलंबियाच्या बोगोटा शहरातलं गरिबांचं प्रसूती रुग्णालय. पेट्या कमी, एकेका पेटीत दोन-दोन, तीन-तीन बाळं, संसर्ग पसरलेला. डॉक्टर एडगर रे सानाब्रिया यांनी बाळं आयांच्या छातीवर बांधायला सुरुवात केली आणि त्यांचे सहकारी हेक्टर मार्टिनेझ यांनी ते काम पुढं नेलं. तिथून जगभर गेलेल्या या पद्धतीला ‘कांगारू मदर केअर’ म्हणतात. सुरुवातीला तिला गरिबांचा उपाय मानत. जागतिक आरोग्य संघटनेनं २००३ मध्ये तिची मार्गदर्शिका काढली. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ३,२११ लहानखुरी बाळं होती. जन्मल्याबरोबर, प्रकृती स्थिरावायची वाट न बघता, ज्यांना छातीशी धरलं त्यांच्यात २८ दिवसांतले मृत्यू १२ टक्के होते. नेहमीच्या पद्धतीनं आधी पेटीत ठेवलेल्यांत १५.७ टक्के. फरक इतका स्पष्ट दिसला की अभ्यास मुदतीआधी थांबवावा लागला, कारण उरलेल्या बाळांना या उबेपासून दूर ठेवणं अन्यायाचं झालं असतं.

करायचं काय, तर अगदी साधं. बाळाला टोपी, मोजे आणि लंगोट एवढंच. आईच्या दोन्ही स्तनांच्या मधे त्याला उभं धरायचं, पोट तिच्या अंगाला, हात-पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला वळवून थोडी वर, म्हणजे श्वास मोकळा राहतो. वरून लुगड्याचा किंवा ओढणीचा पट्टा घट्ट बांधायचा आणि त्यावर पांघरूण. आईच्या कातडीचं तापमान बाळाला सांभाळतं, तिच्या श्वासाची लय त्याला श्वास घ्यायची आठवण देते, स्तन तोंडाशी असतो म्हणून ते वरचेवर पितं. उभं धरल्यानं पोटातली हवाही वर येते. पोटफुगीसाठी ज्या बाळाच्या पोटावर लोखंड टेकवलं जात होतं, त्याच पोटाला इथं आईचं पोट लागतं. उष्णता बाळाला हवीच होती, हे आजीचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. चिखलदऱ्याची उंची अकराशे मीटरच्या वर, पुसात कुडाच्या भिंतीतून वारा शिरतो, आणि जन्मलेलं लेकरू पुष्कळदा अडीच किलोही नसतं. ते गारठतंच.

विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ही ऊब झोपडीपर्यंत नेली. गावातल्याच बाईला शिकवून आरोग्यदूत केलं. तिच्या पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर आणि बाळाला गुंडाळायची उबदार झोळीही होती. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. जंतुसंसर्गावरच्या औषधांचा त्यात वाटा होता, तसाच उबेचा, स्तनपानाचा आणि वेळेवर ओळखण्याचाही. २०११ पासून देशभर आशाताई नवजात बाळाला घरी भेटी देतात. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. मेळघाटातही धारणीजवळच्या उतावलीला आशिष आणि कविता सातव यांच्या ‘महान’ संस्थेनं, बैरागडला रवींद्र आणि स्मिता कोल्हे या दांपत्यानं दशकानुदशकं बाळं जगवायचं काम केलंय. कोरकू घरात बसून, त्यांच्या भाषेत बोलून.

२०१३ मध्ये, अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या दाभोलकरांच्या खुनानंतर, जादूटोणाविरोधी कायदा आला आणि डंब्याची प्रकरणं त्याखाली नोंदली जाऊ लागली. कायदा हवाच. पण काही प्रकरणांत गुन्हा दाखल होतो तो घरातल्याच म्हाताऱ्या बाईवर. जिनं बाळावर सगळ्यात जास्त माया केली, तिलाच पोलीस ठाण्यात बसवलं की पुढचा डंबा थांबतो असं नाही. तो लपून दिला जातो आणि मग ते बाळ दवाखान्यात आणायलाही घरचे घाबरतात. वऱ्हाडाकडे याहून चांगली रीत आहे. शेंडगावच्या गाडगेबाबांनी नवस-सायास, बळी, भूतबाधा यांवर आयुष्यभर बोट ठेवलं, पण समोरच्याला प्रश्न विचारत विचारत, त्याच्याच तोंडून उत्तर काढत. भुमक्याशीही तसंच बोलावं लागेल. रुग्ण दवाखान्यात आणणाऱ्या भुमक्यांना मानधन द्यायचा प्रयत्न मेळघाटात झालाय, आणि मला तो योग्य दिशेचा वाटतो. मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास, छाती आत ओढली जाणं, अंग गार किंवा तापलेलं, दूध सोडणं, पोट ताठ होणं, ही लक्षणं भुमका सहज शिकू शकतो. रात्री दोन वाजता दार ठोठावलं तर उघडणारा तोच आहे.

आजीचं तर कामच काढून घ्यायचं नाही. धुरी तेवढी थांबवायची, कारण बंद खोलीतला धूर कोवळ्या फुप्फुसाला न्यूमोनियाकडे नेतो. बाजेखालची शेगडी बाहेर काढायची. तळहाताचा शेक राहू द्यायचा, गालाला लावून बघण्याची तिची रीतही. आणि आई थकली की बाळ आजीच्या छातीवर बांधायचं. कांगारू पद्धतीला आईच लागते असं नाही. आजी, मावशी, बापही चालतो. बापाला बाळंतिणीच्या खोलीत फिरकू न देण्याचा आपल्याकडचा रिवाज इथं आडवा येतो. तो घरच्यांनीच मोडायला हवा.

सगळ्यात मोठी अडचण मात्र रिवाजाची नाही, पोटाची आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये सांगितलं की लहानखुऱ्या बाळाला दिवसात किमान आठ तास, जमेल तितकं चोवीस तासांपर्यंत, असं धरावं. दिवाळीनंतर मेळघाटातली कुटुंबं अकोट, अंजनगाव, दर्यापूरकडे कापूस वेचायला उतरतात आणि होळीला परततात. ओली बाळंतीणही बरोबर असते. बाळ धुऱ्यावर झोळीत, आई तासात, आजीही तासात. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० रुपये मिळतात, तेही कागदं जुळली तर. एवढ्यात दीड महिना घरी बसता येत नाही. म्हणून मेळघाटातल्या कमी वजनाच्या प्रत्येक बाळामागे, पहिलं असो की चौथं, आईला आणि तिच्या जागी बाळ धरणाऱ्या एका माणसाला ४२ दिवसांची मजुरी रोजगार हमीच्या दरानं मिळावी, आणि ती आशाताईच्या सहा भेटींबरोबर हप्त्यानं हातात पडावी. रुग्णालयातल्या एका पेटीच्या किमतीशी हा खर्च ताडून बघायला जिल्हा परिषदेला फार वेळ लागणार नाही.